दुर्मीळ शंख: सापडत नाही की उरलाच नाही?

१७७७ साली कोपनहेगनमधल्या योहान हिरोनिमस चेम्निट्झ या धर्मोपदेशकाने एका शंखाचं वर्णन प्रसिद्ध केलं. शंख निमुळता, वितीपेक्षा थोडा आखूड, रंगाने सोनेरी-तपकिरी. अंगावर हजारो बारीक त्रिकोण, कुणीतरी सगळ्यात बारीक निब घेऊन महिनोन्‌महिने बसून काढावेत तसे. त्याला नाव मिळालं कोनस ग्लोरियामारिस, म्हणजे 'समुद्राचं वैभव'. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं हा शंख जगातला सर्वांत हवाहवासा शंख मानला गेला, कारण एवढ्या काळात त्याचे जेमतेम दोनेक डझन नमुने माणसाच्या हाती आले होते.

त्याच्याभोवती कथा जमत गेल्या. एका संग्राहकाने लिलावात दुसरा नमुना विकत घेतला आणि आपल्याकडचा एकमेव राहावा म्हणून तिथल्या तिथे पायाखाली चिरडला, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. तिला पुरावा नाही, पण लोकांना ती खरी वाटत आली यावरून या शंखाची ओढ कळते. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधून याचा नमुना चोरीला गेला, ही मात्र घडलेली गोष्ट आहे.

आणि मग १९६९ मध्ये सॉलोमन बेटांपैकी ग्वादालकॅनालजवळच्या समुद्रात डायव्हरांना या शंखाची वस्तीच सापडली. शंभराहून अधिक नमुने वर आले. दोन शतकांत जेवढे मिळाले नव्हते, त्याच्या कितीतरी पट एका ठिकाणाहून मिळाले. किंमत कोसळली.

शंख जमवण्याची आवड असलेल्या प्रत्येकाने या घटनेपाशी थोडं थांबायला हवं, असं मला फार वाटतं. ग्लोरियामारिस १९६८ मध्ये दुर्मीळ होता आणि १९६९ मध्ये अचानक विपुल झाला, असं काही घडलं नाही. तो त्याच्या जागी पूर्वीसारखाच नांदत होता. माणूस तिथे पोचला नव्हता, इतकंच. आपण 'दुर्मीळ' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: जो आपल्याला दिसत नाही तो, आणि जो खरोखरच थोडा उरला आहे तो. शंख शोधायचा, ओळखायचा, घ्यायचा की तिथेच सोडायचा, हे सगळं या फरकावर अवलंबून आहे.

हा प्राणी दिसत का नाही?

ग्लोरियामारिस हा 'कोन' शंखांच्या घराण्यातला. 'कोन' म्हणजे इथे शंकू, आइस्क्रीमच्या कोनासारखा. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, आणि निमुळत्या टोकापर्यंत गेलेली लांब चिरेसारखी फट हे त्याचं तोंड. या घराण्यात आठशेहून अधिक प्रजाती आहेत. बहुतेक उष्ण समुद्रांत राहतात आणि हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या पट्ट्यात त्यांची सर्वाधिक गर्दी आहे.

कपाटात ठेवलेला शंख पाहिला की आपण विसरतो, पण तो एका गोगलगायीचं घर असतो. ती गोगलगाय शिकारी आहे. दिवसभर वाळूत स्वतःला पुरून घेते, नाहीतर प्रवाळाच्या तुटक्या फांद्यांखाली दडते. अंधार पडला की बाहेर येते. म्हणजे आपण समुद्रात उतरतो त्या वेळी ती झोपेत आणि वाळूखाली असते, पहिली अडचण ही.

दुसरी अडचण तिच्या कपड्यांची. ज्या नक्षीवर आपण जीव टाकतो ती जिवंत शंखावर बऱ्याचदा दिसतच नाही. कवचावर तपकिरी, खरबरीत पापुद्रा असतो, कधी त्यावर शेवाळही चढलेलं असतं. लिलावात हजारोंची बोली लागेल असा शंख वाळूत पडलेला असताना मळक्या दगडासारखा दिसू शकतो.

तिसरी अडचण खोलीची. पूर्वीचे संग्राहक ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात फिरत, किंवा कोळ्यांनी आणलेलं घेत. ग्लोरियामारिससारखे शंख मुख्यतः वाळू-चिखलाच्या खोल उतारांवर राहतात. पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याची सोय विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास झाली, तोवर तो सगळा प्रदेश माणसाला बंदच होता. १९६९ हे साल म्हणूनच योगायोगाचं नाही.

मग शोधतात कसे?

उथळ पाण्यात शोधणारे रात्री उतरतात. टॉर्चच्या उजेडात शंख शोधत नाहीत, त्याचा माग शोधतात. वाळूखालून सरकणारी गोगलगाय मागे एक उथळ चर सोडत जाते. त्या चराच्या एका टोकाला वाळू किंचित फुगलेली दिसली की प्राणी तिथे आहे. काही वेळा फक्त सोंडेसारखी श्वासनळी वाळूबाहेर आलेली असते. तिनेच ती पाणी आत घेते आणि भक्ष्याचा वासही. सरावलेल्या डोळ्यांना तेवढंही पुरतं.

दिवसा शोधायचं तर दगड उलटून पाहावे लागतात, आणि इथे शोधणाऱ्याची पारख होते. दगडाची खालची बाजू हे एक अख्खं गाव असतं: स्पंज, लहान प्रवाळ, खेकड्यांची पिल्लं, शंखांची अंडी. दगड उलटा तसाच सोडून दिला तर काही तासांत त्या गावावर ऊन किंवा गाळ पडतो आणि ते मरतं. उचललेला दगड होता तसाच परत ठेवणं या छंदातला पहिला धडा आहे, आणि तो न पाळणाऱ्याबरोबर मी समुद्रावर जाणार नाही.

खोल पाण्यासाठी खरं ज्ञान कोळ्यांकडे आहे. फिलिपाइन्समध्ये बोहोल बेटाजवळच्या पांगलाव आणि बालिकासाग इथले कोळी बारीक धाग्याची जाळी शंभर मीटर आणि त्याहून खोल उतारांवर तळाला अंथरतात. रात्री वर आलेले शंख त्या धाग्यांवरून सरकताना अडकतात. दुसरी पद्धत आणखी सुंदर आहे. जुन्या जाळ्यांची गुंडाळी करून ती दोराने खोल पाण्यात सोडायची आणि महिनोन्‌महिने तशीच राहू द्यायची. तिथे तिला लुमुन-लुमुन म्हणतात. गुंडाळीच्या आत छोट्या जिवांची वस्ती जमते. मग ती वर ओढून झटकली की तांदळाच्या दाण्याएवढे शंखसुद्धा हाती येतात. २००४ मध्ये पांगलावच्या समुद्री जीवांची मोठी शास्त्रीय मोजदाद झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी आपल्या उपकरणांबरोबर याच कोळ्यांची जाळी आणि अनुभव वापरला. जगातल्या कित्येक कपाटांतले 'दुर्मीळ' शंख या लोकांनी वर काढलेले आहेत, पण शंखासोबत ठेवलेल्या माहितीच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव क्वचित असतं.

मेलेले शंखही मिळतात: लाटेने किनाऱ्यावर टाकलेले, किंवा संन्यासी खेकड्याने घर म्हणून घेतलेले. त्यांची झळाळी गेलेली असते, पण त्या जागी ती प्रजाती राहते याचा तो पुरावा असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तर फक्त असेच शंख घ्यावेत, अर्थात आत खेकडा नाही हे पाहून.

हात लावण्याआधी

या भागावर घाईने जाऊ नका. कोन शंख माणसाचा जीव घेऊ शकतो.

त्याच्या तोंडात एक लांब, ताणली जाणारी सोंड असते आणि सोंडेच्या टोकाशी एक पोकळ दात, सूक्ष्म भाल्यासारखा, काटे असलेला. शरीरातल्या लांब विषनळीतून त्या दातात विष भरलं जातं आणि दात भक्ष्यात घुसतो. एक दात एकदाच वापरला जातो. मागे पिशवीत पुढचे तयार असतात. बहुतेक प्रजाती समुद्री किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात, आणि थोड्या चक्क मासे पकडतात. गोगलगायीने मासा पकडायचा म्हणजे पळायची सोयच नाही, तेव्हा विष क्षणात लागू पडायला हवं. म्हणून मासे खाणारे शंख माणसालाही सर्वांत धोकादायक.

त्यातला अव्वल म्हणजे कोनस जिओग्राफस. माणसांच्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी बहुतेक याच्या नावावर आहेत. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा शंख आपल्या विषात इन्सुलिन वापरतो, तेही माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं. माशाच्या रक्तातली साखर एकदम उतरते, तो सुस्तावतो आणि शंख त्याला सावकाश गिळतो. या शंखांच्या दंशाचं सगळ्यात जुनं वर्णन रम्फियस या सतराव्या शतकातल्या निसर्गअभ्यासकाच्या १७०५ मध्ये छापलेल्या ग्रंथात आहे. आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच्या एका गुलाम स्त्रीने असा शंख हातात धरला होता आणि ती दगावली. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

दंश झाला तर दर वेळी खूप दुखतंच असं नाही, आणि तीच फसगत आहे. आधी बधिरपणा, मग दिसायला धूसर, मग स्नायू ढिले पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. या विषावर उतारा नाही. दंश झालेला अवयव हलू न देता पट्टीने बांधायचा, तडक रुग्णालय गाठायचं आणि श्वास थांबला तर कृत्रिम श्वास देत राहायचं. विषाचा अंमल काही तासांनी ओसरतो, तोवर श्वास चालू राहिला तर माणूस वाचू शकतो.

'रुंद बाजूने धरा, तिकडे सोंड पोचत नाही' असा सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे. सोंड कवचावर जवळजवळ कुठेही पोचू शकते, आणि दात पातळ हातमोज्यातून आरपार जाऊ शकतो. जिवंत कोन शंख हाताने उचलू नये, पोहण्याच्या कपड्यांच्या खिशात तर कधीच टाकू नये. चिमटा आणि जाड भिंतीचा डबा वापरावा. ग्लोरियामारिस दुसऱ्या गोगलगायी खाणाऱ्या गटातला आहे, पण म्हणून त्याला मोकळ्या हाताने धरावं असं मुळीच नाही.

हेच विष औषधही झालं. कोनस मॅगस या शंखाच्या विषातल्या एका रेणूवरून झिकोनोटाइड हे तीव्र, दीर्घकाळच्या वेदनांवरचं औषध बनलं आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडावं लागतं आणि वेदनेचा निरोप पुढे नेणारी चेतापेशींची एक वाट बंद करतं. फिलिपाइन्समध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या प्रयोगशाळेत या कामाची सुरुवात झाली. एकेका प्रजातीच्या विषात शंभराहून अधिक वेगवेगळे रेणू असतात, आणि दर प्रजातीचा मसाला वेगळा. एखादी प्रजाती नाहीशी झाली तर तिच्याबरोबर ते सगळं जातं.

खरोखर कोण धोक्यात आहे

आता उलटी बाजू. खोल पाण्यातला, महागडा, नाव ऐकूनच मन हरखावं असा ग्लोरियामारिस फिलिपाइन्सपासून सॉलोमन बेटांपर्यंत आणि त्यापलीकडेही पसरलेला आहे. याउलट आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये केप व्हर्दे बेटं आहेत. तिथले कोन शंख छोटे, साधेसे, उथळ पाण्यात दगडाखाली सहज मिळणारे. एका दुपारी मूठभर गोळा करता येतील. पण त्यांच्यातली एखादी प्रजाती अख्ख्या पृथ्वीवर फक्त एका बेटाच्या एका उपसागरात असते.

याचं कारण त्यांच्या बालपणात आहे. बऱ्याच समुद्री शंखांची अंडी फुटली की अळ्या पाण्यात तरंगतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. एका ठिकाणची वस्ती नष्ट झाली तरी दुसरीकडून अळ्या येऊन पुन्हा रुजू शकतात. केप व्हर्देच्या बहुतेक कोन शंखांना हा तरंगता काळच नाही किंवा अगदी थोडका आहे. अंड्यातून जवळजवळ तयार गोगलगाय निघते आणि आईच्याच दगडाखाली आयुष्य काढते. उपसागरात बंदर बांधलं, वाळू उपसली किंवा चार हौशी माणसांनी दगडांखालचे शंख वेचून नेले, की तिला बाहेरून मदत येणार नाही.

२०१३ मध्ये कोन शंखांच्या ६३२ प्रजातींची जागतिक तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात ६७ प्रजाती धोक्यात किंवा धोक्याच्या उंबरठ्यावर आढळल्या, आणि त्यांचा मोठा वाटा केप व्हर्दे आणि सेनेगलच्या किनाऱ्यावरचा होता. आणखी ८७ प्रजातींबद्दल मत देण्याइतकीही माहिती नव्हती. हा शेवटचा आकडा मला सर्वांत अस्वस्थ करतो.

तेव्हा किंमत हे दुर्मीळपणाचं माप नाही. किंमत फार तर मागणी आणि कष्ट सांगते. १७९६ मध्ये नेदरलँड्समधल्या एका लिलावात कॅरिबियन समुद्रातला कोनस सेडोनुली हा पाचेक सेंटिमीटरचा शंख विकला गेला. त्याच संग्रहातलं विख्यात डच चित्रकार व्हर्मीरचं एक चित्र त्याच्या एक पंचमांशाहूनही कमी रकमेला गेलं. शंखाच्या नावाचा अर्थच 'मी कुणापुढे नमत नाही'. आज त्या चित्राला किंमत लावायची तर कुणाची छाती होणार नाही, आणि शंख मात्र तोच आहे.

घ्यावा की सोडावा

अंड्यांवर किंवा अंड्यांच्या आसपास बसलेली मादी कधीही उचलू नये. तोंडाची कडा पातळ आणि ठिसूळ असलेला शंख अजून वाढतो आहे, त्याला राहू द्यावं. कवचावर भरून आलेली जुनी जखम असेल, बहुधा खेकड्याच्या हल्ल्याची, तर तोही राहू द्यावा. कपाटात त्याला मान नाही आणि समुद्रात तो अजून पिल्लं देऊ शकतो. एका जागी एकच मिळाला तर तो त्या जागेचा आहे असं समजावं.

कायदा देशागणिक वेगळा आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' हे कुठेच चालत नाही. संरक्षित सागरी क्षेत्रांत बहुधा रिकामा शंखही उचलता येत नाही. 'ग्लोरी ऑफ इंडिया' म्हणून ओळखला जाणारा हिंदी महासागरातला कोनस मिलनेएडवर्डसी २००१ मध्ये भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घेतला गेला. ज्या देशातून शंख आणायचा आणि ज्या देशात न्यायचा, दोन्हींचे नियम आधी तपासावे लागतात.

विकत घेणाऱ्यासाठी ओळखीच्या दोन खुणा. ग्लोरियामारिस आणि त्याचा सर्वत्र आढळणारा भाऊबंद कोनस टेक्स्टाइल यांची नवख्याकडून गफलत होते, कारण तंबूसारखे त्रिकोण दोघांवरही असतात. टेक्स्टाइल पोटाशी फुगलेला, त्रिकोण मोठे आणि ठळक. ग्लोरियामारिसच्या बाजू सरळ, शेंडा उंच, त्रिकोण फार बारीक. बाजारातल्या शंखाची कडा भिंगाखाली पाहावी. फुटका भाग घासून गुळगुळीत केला असेल तर वाढीच्या रेषा तिथे अचानक तुटतात.

कपाटातला शत्रू

शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे मूळचा चुनाच. आम्लाने तो विरघळतो. चमक यावी म्हणून आम्लात बुडवलेला शंख दोन दिवस चमकतो आणि कायमचा बिघडतो. त्याहून छुपा धोका लाकडाचा. ओकसारख्या लाकडातून आणि साध्या पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सावकाश सुटत राहते. बंद कपाटात, दमट हवेत ती शंखावर काम करते आणि पृष्ठभागावर पांढरी भुकटी फुलते. याला बाइनचा रोग म्हणतात. नाव रोगाचं असलं तरी जंतूंचा इथे संबंध नाही, ही निव्वळ रासायनिक प्रक्रिया आहे. धातूचं कपाट, आम्लरहित कागद आणि कोरडी हवा एवढ्याने ती टळते.

आणि चिठ्ठी. शंखाबरोबर ठिकाण, खोली, तळ वाळूचा की चिखलाचा, तारीख आणि शोधणाऱ्याचं नाव हे लिहिलेलं असलं पाहिजे, तेही टिकाऊ शाईने आणि त्याच दिवशी. 'पॅसिफिक' एवढंच लिहिलेला सुरेख शंख शोभेची वस्तू आहे. नेमका पत्ता लिहिलेला फुटका शंख मात्र वैज्ञानिक पुरावा आहे, आणि ती प्रजाती दिसत नाही की उरलेली नाही हे पुढे कधी ठरवायचं झालं तर तोच उपयोगी पडतो.

ह्यू कमिंग नावाच्या इंग्रज संग्राहकाला १८३७ मध्ये ग्लोरियामारिसचे काही नमुने मिळाले. ओहोटीत एक दगड उलटला आणि आनंदाने घेरी यायची वेळ आली, असं त्याच्याबद्दल सांगतात. पुढे बातमी पसरली की भूकंपात तो खडक समुद्रात गडप झाला आणि त्याबरोबर ही प्रजातीही संपली. ही समजूत कित्येक दशकं टिकली. कमिंगच्या नोंदीत ठिकाण होतं: हाग्ना, बोहोल बेट. पांगलाव आणि बालिकासागचे कोळी ज्या खोल उतारांवर जाळी अंथरतात, ते याच बोहोलच्या शेजारचे. त्या जाळ्यांत ग्लोरियामारिस आजही येतो.